बर्फात नायट्रो ट्रक: ऊब झाकून मिळवायची, नीडल पिळून नव्हे

उणे ८ अंशांच्या हवेत नायट्रो ट्रक, म्हणजे नायट्रो इंधनाच्या छोट्या इंजिनावर पळणारी रिमोटची मॉडेल गाडी, पळवताना इंजिनाचं तापमान ७० अंशांच्या पुढे सरकेना, की बहुतेकांचा हात आपसूक स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. हाय-स्पीड नीडल, म्हणजे जोरात पळताना इंधन किती जायचं ते ठरवणारा, हवा-इंधन मिसळणाऱ्या कार्बोरेटरवरचा स्क्रू, थोडी आवळली की इंजिनात इंधन कमी जातं, इंजिन तापतं आणि गाडी एकदम तरतरीत पळायला लागते. मालक खूश. पुढच्या एक-दोन टाक्यांत कधीतरी आवाज चिरका होतो, धूर दिसेनासा होतो आणि इंजिन मध्येच गप्प होतं. मग दोरी कितीही ओढा, कॉम्प्रेशनच लागत नाही. बिल थंडीच्या नावावर फाटतं, पण इंजिन मेलेलं असतं ते त्या आवळलेल्या नीडलमुळे.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या भागात जानेवारीतलं दुपारचं सरासरी कमाल तापमानही शून्याच्या चार-एक अंश खाली असतं आणि पहाटे ते उणे १३-१४ पर्यंत उतरतं. बर्फात गाडी काढायचीच नाही असं ठरवलं, तर वर्षातले चार महिने हा छंद फळीवर पडून राहतो. टोरांटो, शिकागोकडच्या मराठी घरांतही हीच गत. खरं सांगायचं तर बर्फासाठी इलेक्ट्रिक ट्रक जास्त शहाणपणाचा. बॅटरी लावली की निघाली गाडी. पण ज्याला नायट्रोचा तो कर्कश आवाज आणि एरंडेलाचा जळका वास लागला, त्याला हा सल्ला देऊन उपयोग नसतो. तेव्हा नायट्रोच चालवायचा असं धरून पुढचं सगळं.

उदाहरणादाखल ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स डोळ्यांसमोर ठेवू. १९९९ मध्ये आलेला हा मॉन्स्टर ट्रक अजूनही कित्येकांच्या गॅरेजमध्ये आहे. वजन चार किलोंच्या आसपास, फोर-व्हील ड्राइव्ह, नंतरच्या मॉडेलमध्ये ३.३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. कंपनी टेक्ससची, त्यामुळे मॅन्युअलमधला भर उन्हाळ्यात इंजिन जास्त तापू नये यावर असला तर नवल नाही. आपली अडचण नेमकी उलटी आहे.

आधी इंधनाचा स्वभाव

नायट्रो म्हणतात, पण टाकीत सगळ्यात जास्त असतं ते मिथेनॉल. २० टक्क्यांच्या डब्यात २० टक्के नायट्रोमिथेन, दहा-पंधरा टक्के तेल (एरंडेल, सिंथेटिक किंवा दोन्हींचं मिश्रण) आणि उरलेलं मिथेनॉल. तेल वेगळं घालावं लागत नाही. इंजिनात तेलाची टाकी नाही, पंप नाही. इंधनाबरोबर जे तेल आत येतं तेवढंच वंगण. इंधन कमी केलं की वंगणही कमी झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिथेनॉल उणे ९७ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे इंधन टाकीत गोठेल ही भीती नको. अडचण आहे ती पेट घेण्याची. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ अंशांच्या जवळपास आहे. त्याच्या खाली पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफच तयार होत नाही. नायट्रोमिथेनचा तर ३५ अंश. उणे १० मधल्या थंडगार इंजिनात थंडगार इंधन ओढलं, तर ते बरंचसं थेंबांच्या रूपातच प्लगवर जाऊन बसतं आणि प्लग भिजून विझतो.

दुसरा स्वभाव म्हणजे मिथेनॉल उडताना भरपूर उष्णता खेचून नेतं. सॅनिटायझर तळहातावर घेतल्यावर जो गारवा लागतो, तोच इथे कार्बोरेटरच्या नळीत चालू असतो. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण तिप्पट मिथेनॉलला लागते. शिवाय तेवढ्याच हवेबरोबर मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जाळावं लागतं. दोन्ही गुणले तर हे इंधन स्वतःच्या इंजिनाला पेट्रोलपेक्षा सहा-सात पट गार करत असतं. जुलैत हे वरदान असतं, जानेवारीत डोकेदुखी.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. आत प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीक वेटोळं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या इग्नायटरने ते लाल करायचं. एकदा इंजिन चालू झालं की मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे वेटोळं आपलं आपण धगधगत राहतं. पण धग टिकायला इंजिनात ऊब हवी. थंडीत इग्नायटर काढल्याबरोबर इंजिन बंद पडतं ते यामुळे.

थंड इंजिन घट्ट का असतं

प्लग लावलेला असताना थंड इंजिनाचं फ्लायव्हील (दांड्यावरचं जड चाक) अंगठ्याने हळूहळू फिरवून बघा. पिस्टन वर येत जातो आणि अगदी वरच्या टोकाला कचकन अडकतो. नवीन इंजिन असेल तर अंगठा दुखेल इतका. काही बिघडलेलं नाही, ते तसंच बनवलेलं आहे.

या इंजिनांत पिस्टन रिंग नसतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तो ज्यात फिरतो ती स्लीव्ह पितळेची आणि तिच्या आतल्या बाजूला क्रोमचा मुलामा. या तीन धातूंच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला एबीसी बांधणी म्हणतात. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन गरम झालं की ज्वलनाच्या जवळचं हे वरचं टोक सगळ्यात जास्त फुगतं, निमुळतेपणा जवळजवळ नाहीसा होतो आणि पिस्टनला हवी तेवढीच, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, जागा मिळते. म्हणजे हे इंजिन बरोबर मापाचं होतं ते १०० अंशांच्या पलीकडे. त्याआधी ते मापाने लहान असतं.

७० अंशांवर मिनिटाला तीस हजार फेऱ्या मारणारं इंजिन प्रत्येक फेरीत पिस्टनला त्या घट्ट टोकात ठोकत असतं. क्रोम घासला जातो, पिस्टनची कड झिजते, पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. थंड इंजिनाने पिस्टन-स्लीव्हचं आयुष्य कमी होतं ते असं, मुकाट्याने. गरम इंजिन निदान आवाज करून सांगतं तरी.

हेडचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्याचं, तापमान साधारण ९३ ते १३२ अंश सेल्सियस या पट्ट्यात असावं, फॅरनहाइटमध्ये २०० ते २७०. हिवाळ्यात मी १०५ ते १२० धरून चालतो.

नीडलचा तिढा

थंड हवा दाट असते. ३० अंशांच्या हवेपेक्षा उणे १० ची हवा सुमारे १५ टक्क्यांनी जड. कार्बोरेटरचं तोंड तेवढंच, पण त्यातून प्रत्येक श्वासाला ऑक्सिजन जास्त आत येतो. नीडल उन्हाळ्यात होती तिथेच राहिली तर इंधन मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. म्हणून हिवाळ्यात नीडल उघडावी लागते, घड्याळाच्या उलट दिशेने, उन्हाळ्याच्या सेटिंगपासून साधारण आठवा भाग ते पाव वळण.

आणि नीडल उघडली की इंजिन आणखी थंड होतं, कारण जास्त इंधन म्हणजे जास्त गारवा. इथेच माणूस गडबडतो. हवा म्हणते उघड, थर्मामीटर म्हणतो आवळ. थर्मामीटरचं ऐकलं तर तापमान चढतं खरं, पण ते इंधन आणि त्याबरोबरचं तेल तोडून चढवलेलं असतं. हेडवर ११० दिसत असताना आतला पिस्टन कोरडा पडत असतो.

यातून सुटायचं तर दोन कामं दोन वेगळ्या हातांत द्यायची. इंधन-हवेचं प्रमाण नीडल सांभाळेल, आणि ते आपण धूर व आवाज यांवरून ठरवू. तापमान सांभाळेल हेडवरचं आवरण. तापमान कमी पडलं तर आवरण वाढवायचं, जास्त झालं तर काढायचं. हवामान फारच बदललं नाही तर एकदा लावलेली नीडल दिवसभर तशीच राहू द्यायची.

आवरण

इंजिनाच्या डोक्यावरचे पंखे, म्हणजे ते ॲल्युमिनियमचे आडवे थर, वाऱ्याला उष्णता देण्यासाठीच असतात. हिवाळ्यात त्यांना तेवढं काम करू द्यायचं नाही. स्वयंपाकघरातल्या फॉइलची दोन-तीन घड्या घातलेली पट्टी समोरच्या बाजूने, जिथून वारा येतो तिथून, हेडभोवती गुंडाळा. सुरुवातीला अर्धंच हेड झाका. एक टाकी अर्धी होईपर्यंत चालवून तापमान बघा, मग पट्टी पुढे सरकवा. काही जण जुन्या सुती मोज्याचा तुकडा कापून घालतात. चालतो, पण तो इंधनाने भिजतो आणि भिजलेलं कापड तापलेल्या हेडवर ठेवणं मला पटत नाही. मोजाच वापरायचा असेल तर दरवेळी कोरडा घ्या आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

बॉडीच्या पुढच्या काचेला उन्हाळ्यात वाऱ्यासाठी भोक पाडलेलं असेल तर ते आतून चिकटपट्टीने बंद करा. एवढ्यानेच पाच-दहा अंशांचा फरक पडू शकतो आणि बर्फही आत येत नाही.

आता मोजण्यातली एक मेख. इन्फ्रारेड थर्मामीटर पृष्ठभागातून निघणाऱ्या किरणांवरून तापमान काढतो, आणि चकचकीत फॉइलमधून असे किरण फारच कमी निघतात. हा बंदुकीसारखा थर्मामीटर फॉइलवर रोखला तर १२० अंशांच्या हेडवर तो तीस-चाळीससुद्धा दाखवेल. मग आपण आणखी फॉइल गुंडाळतो आणि आत इंजिन भाजून निघतं. नेम फॉइलवर नाही, वरून थेट ग्लो प्लगच्या खळग्यात धरायचा, अगदी जवळून. थर्मामीटर नसेल तर थेंबभर पाणी हेडवर टाका. तीन ते पाच सेकंदांत उकळून उडालं तर ठीक. बसून राहिलं तर थंड, पडताक्षणी चर्र करून नाहीसं झालं तर फार गरम.

चालू करणं

गोठलेलं इंजिन तसंच ओढू नका. टी-मॅक्सला बॅटरीवर चालणारा ईझी-स्टार्ट नावाचा स्टार्टर असतो. घट्ट पिस्टनवर त्याची मोटर आणि गिअर दम सोडतात. दोरीचा रिकॉइल असेल तर दोरी तुटते. हेअर ड्रायर घ्या आणि हेड व क्रँककेस (इंजिनाचा खालचा भाग) हाताला चांगलं चटका बसेल इतकं तापवा. पिस्टनची पकड सैल झालेली अंगठ्याला लगेच कळते. मात्र हे टाकी रिकामी असताना, इंधनाचा डबा लांब ठेवून करायचं. मिथेनॉलची वाफ आणि हेअर ड्रायरचं लालबुंद कॉइल यांची गाठ पडू द्यायची नाही. उघडी ज्योत तर नाहीच. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, पांढऱ्या बर्फावर तर अजिबात नाही. हात भाजल्यावरच कळतं.

इंधन खोलीच्या तापमानाचं असलं तर अर्धं काम होतं. डबा थर्मल बॅगेत घालून बाहेर न्या आणि झाकण हळू सैल करा, आत दाब असतो. नायट्रोचं प्रमाण वाढवलं तर थंडीत सुरुवात सोपी होते. २० ऐवजी ३० टक्क्यांचं घ्या, पण इंजिनाच्या मॅन्युअलची मर्यादा बघून, आणि नायट्रो वाढला की नीडल आणखी थोडी उघडायची. प्लग एक पायरी जास्त गरम प्रकारचा घ्यावा. थंड प्रकारचा प्लग उन्हाळ्यासाठी.

इग्नायटरची बॅटरी शेवटच्या क्षणापर्यंत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गारठलेली बॅटरी प्लग पुरता लाल करत नाही आणि आपण बसतो कार्बोरेटर खोलून. इंजिन चालू झाल्यावर इग्नायटर लगेच काढू नका. मिनिटभर लावून ठेवा, मग काढा.

नवं कोरं इंजिन असेल तर त्याच्या पहिल्या टाक्या, म्हणजे ब्रेक-इन, हिवाळ्यात करू नका. पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांना बसतात ते गरम असतानाच. वसंतापर्यंत थांबा.

धूर वाचताना

नीडल धुरावरून लावायची म्हटलं खरं, पण थंडीत धूर फसवतो. मिथेनॉल जळलं की पाण्याची वाफ होते, आणि ती उणे दहामध्ये एक्झॉस्टमधून बाहेर पडताच पांढरी दिसते. उन्हाळ्यात ती दिसतच नाही. लीन झालेलं इंजिनही हिवाळ्यात ढगभर पांढरं सोडतं आणि मालकाला वाटतं, वा, काय तेलकट धूर आहे.

फरक असा ओळखायचा. वाफ पाइपच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर विरून जाते. तेलाचा धूर निळसर असतो, बर्फावर खाली रेंगाळतो आणि गाडी गेल्यावरही त्याची रेघ मागे दिसते. शंका असेल तर गाडी थांबवून एक्झॉस्टच्या टोकाखाली पांढरा कागद धरा आणि किंचित थ्रॉटल द्या. तेलाचे तपकिरी ठिपके उमटले पाहिजेत. बर्फावरही ते दिसतात.

क्रम असा ठेवा: नीडल उन्हाळ्यापेक्षा पाव वळण उघडून सुरू करा, आवरण घालून इंजिन नीट गरम होऊ द्या, मग सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलने दोन-चार फेऱ्या मारा. गाडी अडखळत, गुरगुरत असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे इंधन जास्त. तेव्हा आठव्या भागाने आवळा, पुन्हा फेरी. स्वच्छ खेचायला लागली आणि निळी रेघ टिकून आहे, तिथे थांबा. अजून थोडा वेग मिळेल असं वाटतं, तिथे तर नक्कीच थांबा. थंड इंजिनावर नीडल लावायची नाही, कारण थंड इंजिन नेहमी रिचसारखंच वागतं.

आयडलसाठी, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालावं यासाठी, कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी चिमटीत धरून बघा. आवाज थोडा चढून दोन-चार सेकंदांत इंजिन बंद पडलं तर लो-स्पीड नीडल बरोबर आहे. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चालत राहिलं तर रिच.

बर्फाचं पाणी

शून्याच्या आसपासची दमट हवा उणे दहाच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त त्रास देते. कार्बोरेटरच्या आत मिथेनॉलच्या गारव्याने हवेतलं बाष्प गोठतं. कधी कधी तर कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावर पिठासारखा पांढरा थर चढलेला दिसतो आणि शेजारचं हेड मात्र हात लावू देत नाही. आत तोच थर थ्रॉटलच्या सरकत्या भागावर बसला तर थ्रॉटल उघडा राहतो. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरने सरळ निघून जाते. म्हणून थ्रॉटलच्या आर्मला परत खेचणारी स्प्रिंग लावाच, आणि स्लाइडवरचं, म्हणजे त्या सरकत्या भागावरचं, रबरी बूट (टोपण) फाटलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, बदलून टाका.

एअर फिल्टरचा फोम तेलाने ओला करून त्यावर पाणी न शोषणारं जाळीचं कव्हर चढवा. जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडाही चालतो. फिल्टरवर बर्फ साचला की हवा कोंडते. वितळला की पाणी इंजिनात जातं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी सापडलं तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी बर्फात उलटी पडून बंद झाली असेल तर थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, गाडी पालथी करून इंजिन फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

ब्रेकची डिस्क ओली झाली की ब्रेक लागत नाही, आणि गाडी दहा मिनिटं उभी राहिली की डिस्क गोठून चाकं जाम होतात. दोन्हींवर तोडगा एकच, अधूनमधून हलका ब्रेक मारत राहणं. स्पर गिअरच्या (मोठ्या दातेरी चाकाच्या) खालच्या पोकळीत बर्फ दगडासारखा बसतो आणि प्लास्टिकचे दात खातो. टाकी भरायला आणाल तेव्हा ती पोकळी ब्रशने साफ करा.

रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर ज्या डबीत असतो तिच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावा. रिसीव्हरच फुग्यात घालून तोंडाला रबर बांधायची जुनी युक्तीही उत्तम चालते. सर्व्होच्या, म्हणजे स्टिअरिंग व थ्रॉटल हलवणाऱ्या मोटरच्या, जोडांवरही ग्रीस. रिसीव्हरसाठी साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर थंडीत भरवसा ठेवू नका. त्यांच्या आतलं रसायन पाण्यावर आधारलेलं असतं आणि गारठ्यात मंदावतं. सर्व्होने जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर झोपतो आणि गाडी शेवटच्या हुकमावर धावत राहते. पाच सेलचा ६ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक लावा आणि तो घरात चार्ज करा. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय, निघण्याआधी एकदा तपासायचा: इंजिन बंद, चाकं जमिनीपासून वर, ट्रान्समीटर बंद करा. थ्रॉटल मिटून ब्रेक लागला पाहिजे.

प्लास्टिक, शॉक आणि चाकं

सस्पेन्शनचे हात नायलॉनचे असतात. नायलॉन हवेतलं थोडं पाणी शोषून लवचीक राहतं. इथल्या हिवाळ्यात हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की हे सुटे भाग नुसते पडून पडून ठिसूळ होतात, आणि वर बाहेरची थंडी. जुलैत जी उडी सहज पचते ती जानेवारीत हात कडकन मोडते. नवे नायलॉनचे भाग बसवण्याआधी गरम पाण्यात बुडवून ठेवायची छंदी लोकांची जुनी पद्धत आहे, आणि तिला कारण आहे. आरपीएमसारख्या कंपन्यांचे जास्त लवचीक हात मिळतात, ते हिवाळ्यापुरते तरी बसवावेत. उणे १५ च्या खाली मी गाडी काढतच नाही. इंजिन चालेल, पण एक हात मोडला की दिवस संपला.

शॉकमधलं सिलिकॉन तेल थंडीत घट्ट होतं. ४० वेट (तेलाच्या दाटपणाचं माप) असेल तर ३० घाला.

टायरचं उत्तर बर्फावर अवलंबून आहे. भुसभुशीत खोल बर्फात वाळूसाठीचे पॅडल टायर चांगले खणतात. दाबलेल्या बर्फात नेहमीचे मोठ्या खाचांचे पुरतात, पण खाचांत बर्फ भरून ते गुळगुळीत होतात. गोठलेल्या तळ्यावर खिळे हवेत. लहान स्क्रू टायरच्या आतून बाहेर काढायचे. मग गाडी काचेवरही रेषेत वळते. असा चार किलोचा ट्रक कुणाच्या पायावर जाता कामा नये, एवढं सांगायला नको.

तळ्याचा विषय निघाला म्हणून. मिनेसोटाचं निसर्ग-संपदा खातं पायी चालायला किमान ४ इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, नवा पारदर्शक बर्फ हवा असं सांगतं. ट्रक मात्र एक इंचावरही मजेत पळतो, आणि लांब जाऊन बंद पडतो. गाडी आणायला तुम्हाला चालत जायचं आहे, हे आधी लक्षात घ्या. मीठ टाकलेले रस्ते टाळा. मिठाचं पाणी बेअरिंग आणि स्क्रू एका रात्रीत खायला लागतं. आवाजामुळे सार्वजनिक बागांत इंजिनवाल्या मॉडेलना परवानगी नसू शकते, फलक वाचून जा.

परतल्यावर

गारठलेली गाडी उबदार घरात आणली की चष्म्यावर धुकं चढतं तसं ते इंजिनाच्या आतही चढतं. मिथेनॉल मुळातच पाणी ओढून घेणारं, आणि नायट्रोच्या ज्वलनात आम्ल तयार होतं. या तिन्हींत मागचं बेअरिंग एका आठवड्यात तांबूस पडतं. म्हणून आवरायचं ते बाहेरच, इंजिन गरम असताना. टाकी रिकामी करा, नळीतलं उरलेलं जळून इंजिन आपोआप बंद होऊ द्या. प्लग काढून तिथे आणि कार्बोरेटरच्या तोंडात आफ्टर-रन तेलाचे (गाडी ठेवून देताना घालायच्या गंजरोधक तेलाचे) चार-पाच थेंब टाका, इंजिन काही फेऱ्या फिरवा, प्लग पुन्हा लावा. शेवटी फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाला सोडा. वर सोडला तर गार होताना तो त्या घट्ट टोकातच आवळला जातो. फॉइल काढून टाका, तिच्याखाली पाणी साचतं.

बर्फ ब्रशने झाडून गाडी आधी गॅरेजमध्ये तासभर ठेवा, मग आत. चाकांतला फोम पाणी पितो, त्यामुळे चाकं उभी करून निथळू द्या. चाकांची बेअरिंग सुकवून त्यांत हलकं तेल घाला.

उरलेलं इंधन टाकीतून पुन्हा डब्यात ओतू नका, त्यात बर्फाचं पाणी आलेलं असतं. डब्याचं झाकण घट्ट लावा आणि तो हीटर, भट्टी यांपासून लांब, अंधाऱ्या आणि कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा. मिथेनॉल विषारी आहे, थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. गेल्या हिवाळ्यातला अर्धा डबा सापडला आणि झाकण सैल होतं असं दिसलं, तर त्यावर नीडल लावत बसू नका. नवा डबा आणा.